खोट्या खिडकीतली

रॉचेस्टर. नोव्हेंबर. परांचीचा चौथा मजला.
दगड एवढा गार की हातमोज्यातूनही
बोटांत कळ जाते, दाढदुखीसारखी.
खालून लेस्टर ओरडतो, अंधाराच्या आत उतर म्हणून.
इथे अंधार साडेचारलाच येतो, न विचारता.

घर एका बटणवाल्याचं. एलायहू ट्रुअॅक्स.
शिंपल्याची बटणं, हाडाची बटणं,
साऱ्या राज्याच्या छात्या त्याने बंद केल्या.
पैसा झाला, तसं त्याला जुनं घर हवंसं झालं.
नवंकोरं जुनं.
फ्रान्सहून फोटो आले, इंडियानाहून दगड,
आणि क्यूबेकहून ओनेझिम, रोज साडेतीन डॉलरवर.

मी असं समजते, की तिकडे फार पूर्वी
चर्चची कामं रेंगाळली, हात मात्र रिकामे होईनात.
दगडातली ती आग,
वाऱ्यात धरलेल्या निरांजनागत एका अंगाला कलणारी,
खिडकीच्या माथ्यावर वळसे घेत जाणारी,
सावकारांनी विकत घेतली आणि घरी नेली.
जिन्याला लावली. धुराड्याला लावली.
मुदपाकखान्याच्या दारावर, संताच्या जागी,
कांदा सोलणारा बसवला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय
देवपण येत नाही, म्हणतात आमच्याकडे.
या दगडाने सगळे सोसले
आणि त्याला मोलकरीणपण आलं.

ती इथे आहे, माझ्यासमोर, हातभर अंतरावर.
खिडकी खोटी: चौकट आहे, महिरप आहे,
उघडलेली झडपसुद्धा आहे, आत भिंत.
तीतून ती अर्धी बाहेर वाकलेली,
कोपर उंबऱ्यावर, मान रस्त्याकडे.
मालक आला का, बघतेय.
आराखड्यात एवढंच लिहिलंय: आकृती एक, स्त्री, फोटोप्रमाणे.
मालक कधीचा गेला. घोडे गेले. कारखाना जळाला.
आता खालच्या मजल्यावर टॅक्सची कागदपत्रं भरून देतात,
आणि ते गिऱ्हाईक वर बघत नाही.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत.
नाक: झिजलेलं. डावा कान: नाही.
पावसाची काळी रेघ, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.
(रडली असं लिहायची सोय नाही. रडलीही नाहीये ती.)
सांध्यातला चुना भुसभुशीत.
मी ब्रशने हळूच तिची बाही झाडते,
कबुतरांची शिट, शंभर हिवाळ्यांची काजळी,
आणि मनगटाजवळ
काहीतरी लोंबतंय.

बटण.
एका दोऱ्यावर. दोराही दगडाचाच,
शेवयीएवढा, पीळ दिसतोय त्याचा.
आता तुटेल, मग तुटेल, असा.

बटणवाल्याच्या घरात, बटणवाल्याच्या पैशाने,
साठ फूट वर, जिथे बटणवाल्याची नजर पोचत नाही,
ओनेझिमने हे किती दिवस कोरलं असेल?
एक? दीड? म्हणजे सव्वापाच डॉलर.
आणि संध्याकाळी खाली उतरून टोपी काढून
गुड ईव्हनिंग, मिस्टर ट्रुअॅक्स.

मी एकटीच हसते. वाफ निघते तोंडातून.
वरून सगळं गाव दिसतं: कालव्याची जुनी खूण,
पार्किंगमधल्या गाड्या, आणि एकेक करून
लागत चाललेल्या खऱ्या खिडक्या.

खुंटी वाजवत लेस्टर परत ओरडतो.
उद्या परांची उतरणार, परवा बर्फ म्हणतायत.
शेवटचा रकाना राहिलाय, पेनातली शाई गोठतेय,
फुंकर मारून मारून लिहिते:
दोष: उजव्या बाहीचं एक बटण सैल.
उपाय: हात लावू नये.