हळू, अजून हळू

ईस्टरच्या जेवणात मी बोलून गेले,
"केक मी करते."
लिडकाने काटा खाली ठेवला.
कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

त्याआधी तिने मिठाईवाल्याने सांगितलेली किंमत सांगितली होती
आणि मग टेबलावर समोरच असलेलं मीठ
बराच वेळ शोधत बसली होती.
तिच्या यागोदाचं पहिलं कम्युनियन, मे महिन्यातला दुसरा रविवार.
केक तीन मजली हवा, पांढरा,
आणि कडेने जंगलातल्या सावलीत फुलतात ती
घंटेसारखी इवली फुलं,
साखरेची.

मी ग्डिन्याच्या बंदरात क्रेन चालवते.
चाळीस मीटर उंचावर काचेच्या खोलीत बसते,
पायांखालीही काच,
आणि तीस टनांचा कंटेनर असा टेकवते
की खालच्या माणसाच्या थर्मासमधला चहा हिंदकळत नाही.
एकोणीस वर्षं झाली.
मग आठशे ग्रॅमच्या स्पंजपुढे
शनिवारी रात्री हात का कापावेत?

फाँडंट लाटला.
उचलला तर गुडघ्यावर विरलेल्या पँटसारखा फाटला.
पुन्हा मळला. पुन्हा लाटला. पुन्हा.
तिसऱ्या वेळी बसला, पण मागच्या बाजूला
बोटभर चीर राहिली,
ती मी भिंतीकडे वळवली.

फुलं चोपन्न केली,
विणायच्या सुईच्या गोल टोकावर दाबून.
पहिली अकरा दातांसारखी दिसत होती.
बाराव्यापासून फुलांसारखी दिसू लागली,
किंवा मला दातांची सवय झाली.

रात्री दोन वाजता उरलं एकच काम:
एकावर एक मजले चढवायचे.
खालच्या मजल्यात पाच स्ट्रॉ उभ्या रोवल्या होत्या, खांबांसारख्या.
दुसरा मजला दोन उलथन्यांवर उचलला
आणि तिथेच अडकले.
डोळ्यांसमोर धरला की त्याखालचं काही दिसत नाही.

खाली वालेरियान असायचा.
पिवळं जॅकेट, तोंडाशी वॉकी-टॉकी.
चौदा वर्षांत चेहरा मी मोजून दहा वेळा पाहिला असेल,
वरून फक्त टोपी दिसायची.
पण आवाज कानातच राहायला आला होता:
हळू. अजून हळू. थांब. टेकली.
मागच्या हिवाळ्यात तो गेला.
आता पडद्यावर आकडे येतात.
आकडे बरोबरच असतात.

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता.
मी मोठ्याने म्हणाले, हळू.
त्याच्यासारखा घसा खरवडून म्हणाले, अजून हळू.
मनगटं ऐकू लागली.
थांब.

टेकली.

तिसरा मजला त्यामानाने काहीच नव्हता.

सकाळी कळलं की खरी भीती वेगळीच होती.
चौथा मजला, लिफ्ट नाही,
एवढ्या उंच केकला खोकं नाही,
जुन्या कपाटाच्या फळीवर तो उभा
आणि फळी माझ्या दोन्ही हातांत.
जिन्याला खिडकी नाही. दिवा चाळीस सेकंदांनी विझतो,
बटण दाबायला तिसरा हात लागतो.

नवव्या पायरीवर विझला.

अंधारात साखरेचा वास फार मोठा होतो.
पाऊल पुढे टाकवेना, मागे फिरवेना.
चोपन्न फुलं माझ्या श्वासाने थरथरत असावीत,
दिसत नव्हतं, पण असावीत.

तिसऱ्या मजल्यावर कडी वाजली.
हिएरोनिम.
माझं वॉशिंग मशीन त्याच्या छतातून गळलं
तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं,
आम्ही एकमेकांच्या टपालपेटीशी सुद्धा बोललो नव्हतो.
दिवा लागला.
वरून मला फक्त त्याचं टक्कल दिसत होतं
आणि बटणावर ठेवलेलं बोट.

त्याने केककडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं.
"हळू," म्हणाला.
मग चपला फटफटवत माझ्यापुढे उतरत गेला,
प्रत्येक मजल्यावर दिवा विझायच्या आत
बटण दाबत,
छताविषयी एक शब्द न काढता.