दोन नळ्या

चिमणीवर चढताना खाली बघायचं नाही,
हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मी बघते.
जूनमध्ये हायवेल्डचं गवत हिमाने पांढरं पडतं,
कोळशाचे ट्रक दिवे लावून रांगेत उभे असतात
आणि पलीकडे धरण, कथलाच्या पत्र्यासारखं.

नव्वद मीटरवर लोखंडी सज्जा.
भिंतीत मुठीएवढं भोक. झाकण काढलं की
आतली ऊब गालाला लागते, गंधकाचा वास येतो.
ज्याच्यासाठी मी आले त्याला वास नाही, रंग नाही,
थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणाऱ्या
चकचकीत मण्यांचा पोरखेळही नाही.
इथून तो वाफ होऊन जातो, कुणाला ओळख न देता.

त्याला धरायला काचेच्या दोन नळ्या,
पोटात आयोडिन चढवलेला कोळसा.
कोळशातून सुटलेल्याला कोळशानेच पकडायचं.
दोन कशाला? प्रिन्सलूने तेव्हाच सांगितलं:
एक नळी खोटं बोलू शकते.
दोघी एकच बोलल्या तरच ऐकायचं.

माझं नाव झोड्वा. म्हणजे ‘नुसत्या मुलीच’.
चौथी मी. बापाने नाव ठेवलं
आणि रात्रपाळीला खाणीत उतरला.
म्हणून असेल, नळ्यांना मी बहिणी म्हणते,
वर कुणी ऐकायला नसतं तेव्हा.

मंगळवारी बहिणींचं पटलं नाही.
एक म्हणाली नऊ, दुसरी चौदा.
मायक्रोग्रॅम, घनमीटरभर धुरात.
दहा टक्क्यांहून जास्त फरक, चाचणी रद्द.
नियम बरोबर आहे. नव्या पोरांना तो मीच शिकवते.
मी लिहिलं: रद्द. तारीख, वेळ, सही.
थंडीने पेन अडलं, सही दोनदा गिरवावी लागली.

गुरुवारी फेरचाचणी.
दोघी एका सुरात: सहा. सहा.
प्रिन्सलू म्हणाला, बघ, उतरला की नाही पारा,
आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.
अहवालात सहा गेला.
शेजारी मर्यादेच्या घरात आडवी रेघ.
ती मर्यादा अजून कुणी ठरवलेलीच नाही.

फाटकावरच्या म्हाताऱ्या माबेनाकडे मी ट्रकांची वही मागितली.
बुधवारी रात्री बारा ते चार: सतरा ट्रक,
नेहमीच्या खाणीचा एकही नाही.
माल: धुतलेला कोळसा. महाग असतो तो.
माबेनाने चष्मा वर सरकवला, माझ्याकडे बघितलं,
वही मात्र मिटली नाही.
सतराही नंबर मी मनगटापासून कोपरापर्यंत उतरवून घेतले.

शनिवारी मुझीने धरणातून दोन बास आणले,
एक हातभर, एक वीतभर.
तव्यावर तेल तडतडलं, शेजारचं कुत्रं दाराशी येऊन बसलं.
पारा काट्यात बसत नाही, मांसात मुरतो.
धुऊन जात नाही, तळून जात नाही,
आणि मासा जेवढा जुना, तेवढी त्याची शिल्लक मोठी.
धरणाला नळी लावणं माझ्या कामात नाही.
कुणाच्या आहे, विचारलं होतं एकदा.

लुंगिलेच्या ताटात मी वीतभराचा ठेवला.
ती म्हणाली, मला का लहान?
मुझी म्हणाला, अगं, वाढतं पोर आहे, मोठा दे तिला.
माझ्या हातावरची शाई अजून पुरती गेली नव्हती.

मोठा मी माझ्याकडे ओढला.