भांग

सोसायटीच्या कचेरीत अर्ज मी लिहिते.
डिझेलचा परतावा, जाळ्यांचं अनुदान, भिजलेली पासबुकं.
या वेळचा खाडीच्या तोंडाचा:
गाळ काढा.
दोनदा मालवणला गेला, दोनदा परत आला.
समासात हिरव्या शाईचा शेरा,
‘भाषा सुधारून सादर करावा.’

म्हणून रात्री बर्फाच्या फॅक्टरीपाशी,
पिरावाडीत रेंज येते ती तिथेच,
उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून
भाषा सुधारून देणारं काहीतरी शोधत बसले.

पहिलं फुकट. शंभर शब्द झाले की हात पुढे करतं.
मी लिहिलं होतं:
भांगाच्या दिवसांत होड्या आत येऊ शकत नाहीत.
त्यानं सुधारलं:
नशेच्या काळात नौकांना प्रवेश निषिद्ध आहे.
बर्फ फोडता फोडता इद्रूस वाकून वाचून गेला.
‘शिमग्यापुरता खरा आसा,’ म्हणाला.

दुसऱ्यात आधी सूर निवडायचा:
औपचारिक, मैत्रीपूर्ण, ठाम.
मी ठाम निवडला.
एका पानात नऊ वेळा ‘नम्र विनंती’ आली.

तिसरं हुशार.
सात दिवस मोफत, मग महिन्याला सातशे नव्व्याण्णव,
म्हणजे पडत्या भावातली बांगड्याची एक पाटी.
गाळाचा त्यानं अवसाद केला, तोंडाचं मुख,
पण भांगाला हात लावला नाही.
खाली लाल नागमोडी रेघ ओढली फक्त:
हे मला कळत नाही.
आवडलं मला.
इतक्या वर्षांत कुठल्या टेबलावर
हे वाक्य ऐकलं नव्हतं.

कार्डाचे आकडे घालणार होते,
तेवढ्यात शेवटचा परिच्छेद वर सरकला.
माझं होतं:
फाल्गुन वद्य अष्टमीच्या पहाटे उल्हास तोंडाशीच बुडाला.
त्याचं होतं:
फाल्गुन वद्य अष्टमीच्या पहाटे आनंद मुखावरच मावळला.

यंत्राला काय ठाऊक द्रौपदीकाकी.
मी बघते रोज,
ओट्यावर गोलमो निवडत बसलेली,
काडीकचरा एकीकडे, सुंगटं एकीकडे,
कुणी हाक मारली की मान वर करते
आणि वर आलेल्या तोंडावर
काही म्हणजे काही नसतं.
फॅक्टरी घरघरत राहिली.
मी बराच वेळ कुठलंच बटण दाबलं नाही.

सकाळी जानू तांडेलाला दोन्ही वाचून दाखवले.
त्यानं डोळे मिटून ऐकलं, रेडिओवरचं हवामान ऐकावं तसं.
‘ह्यो दुसरो बरो आसा गो,
पण बुडलो कोण, ता खंय लिवला?’

उल्हासला परत जागेवर ठेवला.
उल्हास गंगाराम जोगी, वय सव्वीस,
शेजारी होडीचा परवाना क्रमांक.
गाळ गाळच ठेवला.
पानाच्या तळाला टीप घातली:
भांग म्हणजे सप्तमी-अष्टमीचं अपुरं पाणी,
जे दांड्यावरून होडी उचलत नाही.
वरचं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ तेवढं यंत्राचं.
ते त्याला माझ्याहून चांगलं जमतं.

मोफतचे सहा दिवस उरलेत.
त्याचं ते एक वाक्य मी पुसलेलं नाही.
चुकीचं आहे, आणि कुणाच्या नावे पाठवायचं
तेही कळत नाही.

आज अष्टमी.
चार होड्या बाहेरच उभ्या,
मासळीवरचा बर्फ वितळतोय,
पाणी चढायची वाट बघतायत.