पाठीमागचा सिलिंडर

द्वारकेच्या पुढे, पुलाखालून डावीकडे,
जब्बारभाईंच्या शेडमध्ये
दोन इंजिनं लाकडी ठोकळ्यांवर बसवलेली.
एक सहाचं. एक आठचं.
भाव उन्नीस-बीस,
आणि मला एकच न्यायचंय
आडगावच्या कोल्ड स्टोरेजच्या जनरेटरला.

गेल्या फेब्रुवारीत रात्री दोनला लाईट गेली
आणि जुनं इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.
अकरा टन द्राक्षं अंधारात गरम होत असतात
तेव्हा त्यांचा आवाज येत नाही,
हेच त्यातलं वाईट.
पहाटे बॅटरीच्या उजेडात
एकेक क्रेट उघडून देठ बघत होते.
हिरवे. हिरवे. तपकिरी.

मला ताकद नकोय, जब्बारभाई,
मला वीस वर्षं हवीत.

बसा लभडेताई, म्हणाले,
आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून
मूठ कानामागच्या हाडावर टेकवली.
इंजिन बंद होतं.
सवय.

"सहाचं म्हणजे एका ओळीतली पंगत.
वाढपी या टोकाने शिरतो, त्या टोकाने निघतो.
पहिल्याबरोबर सहावा उठतो, दुसऱ्याबरोबर पाचवा,
मधले दोघं आपसात.
तीन जोड्या, भांडण घरातच मिटतं,
बाहेर धक्का जात नाही.
चालू इंजिनावर रुपया उभा करा, पडणार नाही."

आणि आठाचं?

"आठाचं खटलं मोठं.
काम वाटून घेतात, एकेकाला ओझं कमी.
पण दोन हेड, दोन गास्केट,
जितकी तोंडं तितकी पथ्यं."

ओझं कमी तर झीज कमी ना?

ते हसले. मालेगावचा तंबाखू दातांत.
"कमी. कागदावर आठ जास्त जगेल.
खोटं कशाला बोलू?"

मग बाही वर सारून
दोन ओळींच्या मधल्या घळीत त्यांनी हात घातला.
मनगटाशी अडकला.
पेरं सुजलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी.
"हा सगळ्यात मागचा, डावा.
पाच-सहा वर्षांपूर्वी इथवर जायचा माझा हात.
आणि ताई, हात जात नाही तिथे
माणूस 'चालतंय की' म्हणतो.
इंजिनं झिजून मरत नाहीत,
चालतंय की म्हणून मरतात."

कोपऱ्यात तन्झिला डिझेलमध्ये नोझल धूत होती,
सातपूरच्या आयटीआयची, गेल्या पावसाळ्यापासून इथे.
काही न बोलता उठली,
हातातलं कडं काढून माझ्याकडे दिलं,
आणि त्या घळीत कोपरापर्यंत गेली.
डोळे मिटलेले,
पिठाच्या डब्यात तळाशी माप शोधावं तशी.
बाहेर आला दहा नंबरचा सॉकेट,
गंजलेला, कुणाच्या तरी हातून कधीतरी सुटलेला.
तो तिने ठोकळ्यावर ठेवला.

जब्बारभाईंनी आधी सॉकेटकडे पाहिलं,
मग स्वतःच्या हाताकडे.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पुलावरून एक कंटेनर गेला,
शेडचे पत्रे थरथरले.

तू किती वर्षं आहेस इथे, मी विचारलं.
"जूनपर्यंत," ती म्हणाली. "चाकणला नंबर लागलाय."
आणि कडं परत मागितलं.

टेम्पोत सहाचं चढलं.
दोरी आवळताना जब्बारभाई म्हणाले,
बरोबर घेतलंत,
पण आवाज असा
की चूक घेतली असती तरी तेच म्हणाले असते.

जानेवारीत, निफाडकडून गारठा उतरला त्या रात्री
लाईट गेली.
दुसऱ्या सेल्फला लागलं.
मी हेडवर रुपया उभा केला. पडला.
पुन्हा केला. पडला.
तिसऱ्यांदा राहिला,
खरं सांगायचं तर जरा तेलात चिकटला होता.
आत अकरा टन शांत,
हिरव्या देठांची.

आठाचं अजून ठोकळ्यावरच आहे, ऐकते.
गिऱ्हाईक येतात, पॉवर विचारतात,
हात कुणी घालून बघत नाही.