सगळे कण पोचले

रविवारी अकराला, हेरंब म्हात्रेच्या टीव्हीवर
कप्तान निळ्या चकतीवर उभा राहायचा,
विरघळायचा,
आणि परग्रहावरून आवाज यायचा :
सगळे कण पोचले.
आम्ही तेच खेळायचो खाडीच्या बांधावर,
आयच्या परातीत उभे राहून.

दहावीत हेरंब म्हणाला,
कप्तान पहिल्याच भागात मेला रे.
हा एकशे बारावा.
मी चिडलो. त्याला सगळं आठवतं की!
आठवणारच,
आठवणींसकट छापलाय.

मग विमानतळ आला.
सुरुंगांनी डोंगर बसला,
सोडतीत भूखंड निघाले, गाव उचललं,
पुष्पकनगरात ठेवलं. कमानीवर तेच नाव.
भटजींनी जुन्या मूर्तीतलं तत्त्व कलशात काढलं,
नव्या संगमरवरात सोडलं.
उरलेला दगड होडीतून नेला, बुडवला.
हेरंब कानाशी लागला :
मूळ प्रत मोडावीच लागते,
नाहीतर दोन देव होतील.
मी हसलो. थोडंसंच.

नव्या गच्चीवर आय वाकट्या वाळत घालते,
वास तोच.
सगला आयला रं, म्हणते,
चिंबोरी तेवडी ऱ्हायली.

चिंबोरी, आमची कुत्री.
रोज संध्याकाळी चार किलोमीटर चालत जाते,
विमानतळाच्या पत्र्यापाशी बसते,
जिथून आत कुठेतरी आमची ओटी होती.
मी न्यायला जातो, हाक मारतो.
ती उठते, जवळ येते,
माझा हात हुंगते,
नेहमीपेक्षा
जरा जास्त वेळ.