एकशे दहा मीटर

रुझार आणि मी एकाच ड्रिलवर होतो,
रिवणच्या वरच्या खाणीत, दुसऱ्या शिफ्टला.
तो लिव्हरवर, मी पाण्याच्या नळीवर.
भोक पाडायचं, दारू ठासायची, लांब जायचं,
मग जे निघेल ते ट्रकांत, ट्रकांतून बार्जांत,
आणि बार्जांतून कुठं, ते आम्हांला कुणी सांगितलं नाही.
घरी अंघोळीचं पाणी तांबडं.
उशीवर डोक्याचा तांबडा छाप.

खाण बंद झाली तेव्हा त्यानं
आजोबाच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढला
आणि स्विंडनला गेला.
माझ्या आजोबाचाही दाखला होता.
वाळवीनं आधी वाचला.

मी केप्याला पंप दुरुस्त करतो.
रविवारी त्याचा फोन येतो, कानावर टोपी, नाकाला पाणी.
"कुष्टा, इथंपण भोकंच पाडतो रे.
लोकांच्या परसात, गुलाबाच्या वाफ्याशेजारी,
एकशे दहा मीटर."
पाणी लागतं?
"लागतं. पण नको असतं."
मग खनिज?
"कसलं खनिज."
मग काढता काय?
"ऊब."

मी हसलो. त्याच्या मागे खिडकीत बर्फ पडत होतं.
"जा, फ्रिजच्या पाठीला हात लाव."
गेलो. मांजर तिथंच निजलेलं,
त्याला हे केव्हाचं ठाऊक होतं.
"तेच. आतली गरमी मागे टाकतो ना तो?
आम्ही जमिनीलाच फ्रिजमध्ये ठेवलंय,
आणि घर त्याच्या पाठीशी."

दहा अंशांची जमीन. आपल्याला हुडहुडी भरेल,
तिथं ती पुंजी.
नळी खाली जाते, तळाशी वळते, वर येते,
नळीत पाणी आणि ते गोठू नये म्हणून औषध.
जाताना गार, येताना जरासं कमी गार,
त्या जराशावर अख्खं घर.

पण वर काय येतं, मी पुन्हा विचारलं.
खाणीतल्या माणसाची खोड.
"काही नाही. भोक बुजवतो, वर हिरवळ लावतो.
पहिल्या दिवशी मी ट्रक कधी येतो
ते बघत उभा."

त्याची आई पिएदाद एक हिवाळा तिकडं राहून आली.
मांय, इथं गरमी खालून येते, त्यानं सांगितलं.
"खालून?" तिनं खुरीस काढला.
खाली काय असतं ते पाद्रीनं तिला लहानपणीच सांगितलेलं.
तीन दिवस पलंगावर पाय वर घेऊन बसली.
चौथ्या दिवशी तो कामावरून आला
तर ही स्वयंपाकघरात, गाल लादीला लावून आडवी.
त्यानं घाबरून हलवलं.
"निजू दे रे. आपल्या बाल्कांवासारखी लागते.
दुपारी चारची."

परवा तिचा पंप बिघडला म्हणून गेलो.
पंप ठीक होता. पाणी खाली गेलं होतं.
खाणीच्या खड्ड्यात हिरवं तळं,
विहिरीत गुडघाभर.
त्या डोंगराला आम्ही किती भोकं पाडली, मी मोजली नाहीत.
रुझारनं मोजली असतील,
तो पगाराच्या वहीत सगळं लिहायचा.

त्यानंच सांगितलं होतं म्हणून
दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडला.
सत्तावीस.
रात्री जेवून पुन्हा सोडला. सत्तावीस.
फोनवर तो थोडा वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, "लादी आम्ही सत्तावीसवरच ठेवतो.
मशीन, कंप्रेसर, एकशे दहा मीटर,
मालकाला बारा वर्षांचं कर्ज,
एवढं करून सत्तावीस."

पिएदाद कळशी घेऊन उभी होती.
"विचार त्याला, उन्हाळ्यात ती गरमी परत देतात?"
विचारलं.
"काही देतात. मशीन उलटं फिरवतात.
नुसतीच ओढत राहिलं
तर वीसेक वर्षांनी जमीन थकते."

देतात, एवढंच मी तिला सांगितलं.

तिनं मान हलवली, कळशी सोडली.
दोरी पूर्वी पुरायची.
आता तिच्या टोकाला
एका जुन्या फ्रॉकची पट्टी जोडलीय,
निळ्या फुलांची, दीड हात.