रिकाम्या काट्यावर

उदगीरला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
पाटी नव्हती. दारात एक मोडका ताजवा टांगलेला,
त्यावरून लोक ओळखायचे : काटेवाले पांचाळ.

सातव्या वर्षी मी रेडिओ खोलला.
वडील ओरडले नाहीत. म्हणाले,
"खोललीस ना, आता तूच जोड."
जोडला. तीन स्क्रू उरले.
रेडिओ लागला, पण हैदराबाद सोडून.

वडील पारडी पुसायचे, सुई बघायचे,
वाऱ्यानं हलायला लागली की दार लोटून घ्यायचे.
"रिकामा काटा शून्यावर आला पाहिजे.
मग वजनाचं बोलू."

पुढं लाल आकड्यांचे काटे आले.
वडलांनी एकाचं झाकण काढलं,
आतली हिरवी पट्टी पाहिली,
झाकण लावलं,
आणि मला हाक मारली.

कॉम्प्युटर क्लासचे पंखे दुरुस्त करायचे,
बदल्यात दुपारी एक तास मशीन.
रद्दीतल्या पुस्तकाला पहिली चाळीस पानं नव्हती,
म्हणून मी मधूनच शिकले.
अजूनही सुरुवात कशी करतात ते नीट माहीत नाही.

काट्याच्या पाठीतून वायर काढली,
तुरीचं वजन थेट पट्टीवर उतरवलं :
भाव, हमाली, तोलाई.
मैनोद्दीन हमाल पोतं ठेवायचा आणि
आकडा छापून निघाला की हसायचा.

काशप्पाशेठनी चहा पाजला. म्हणाले,
"झकास झालंय. फक्त पोत्यामागं
पाव किलो खायला शिकव त्याला. गुपचूप."

अवघड नव्हतं.
घरी येऊन ती एक ओळ लिहून पाहिली.
पहिल्या फटक्यात चालली;
माझी खरी ओळ अशी कधीच चालली नाही.

मग पोतं उतरवलं.
रिकाम्या काट्यावर दिसलं :
उणे दोनशे पन्नास ग्रॅम.

तेवढं झाकायला आणखी एक ओळ लागली असती.
नंतर ती झाकायला आणखी एक.
आतल्या खोलीत वडील खोकत होते.
मी खोडलं. शेठचा ॲडव्हान्स परत दिला,
त्यातले अकराशे उसने घेऊन.

दुसरं गिऱ्हाईक सात महिन्यांनी,
धर्माबादच्या मिरचीवाल्या रुक्सानाबी.
त्यांनी काही विचारलं नाही.
काट्यावर हात ठेवला, काढला,
आकडा परत येतो का पाहिलं.
ठसक्यानं डोळे पुसत पाकीट उघडलं.

आता एक्केचाळीस दुकानं.
पहाटे चारला फोन येतो, कुठंतरी पट्टी अडकलेली असते.
वडील ऐकत पडलेले असतात.
"तुझ्या धंद्यात हाताला काळं लागत नाही," म्हणतात,
"मग लोक पैसे कशाचे देतात?"

नीट सांगता येत नाही मला.
ते तीन स्क्रू गोळ्यांच्या डबीत आहेत.
हैदराबाद अजून लागत नाही.